घरी जोडलेला कॉम्प्युटर सुरू होत नाही तेव्हा

झेरॉक्स, डीटीपी, फोटो छपाई, ऑनलाइन अर्ज भरून देणे अशा लहान व्यवसायांचे काम कॉम्प्युटरवाचून चालत नाही. तयार यंत्र घेण्याऐवजी सुटे भाग आणून घरी जोडले, तर आपल्या गरजेपुरताच खर्च होतो आणि यंत्राची ओळखही होते. म्हणून सातारा-सांगलीकडचे काही तरुण पुण्याहून, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा कुरिअरने भाग मागवितात. मात्र जोडलेले यंत्र पहिल्या दिवशी सुरू झाले नाही, की धीर सुटतो. मग अंदाजाने एकेक भाग नवा घेतला जातो आणि दुकानासाठी ठेवलेले भांडवल त्यातच संपते. असे होऊ नये म्हणून दोष कसा शोधावा, हे आम्ही एका उदाहरणासह येथे देत आहोत.

आमच्या परिचयातील साताऱ्याच्या एका तरुणाने डीटीपीसाठी कॉम्प्युटर जोडला. बटण दाबले की पंखा क्षणभर फिरे आणि थांबे. मॉनिटरवर काहीच येत नसे. दुकानदाराने फोनवर ऐकूनच "मदरबोर्ड गेला, दुसरा घ्या" असे सांगितले. माल परत करण्याची मुदत तीन दिवसांत संपणार होती आणि दुसऱ्या बोर्डासाठी हाती पैसा नव्हता. त्याचे मामू सांगलीजवळ कुपवाडला मोटार वाइंडिंगचे काम करतात. ते मल्टिमीटर घेऊन एसटीने साताऱ्याला आले. त्यांनी कॉम्प्युटर कधी उघडलेला नव्हता. तरुणाची थोरली बहीण एका व्यापाऱ्याकडे जमाखर्च लिहिते. तीही वही घेऊन बसली. या तिघांनी ज्या क्रमाने काम केले, तोच क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा.

१. आधी घरातील वीज

मामूंनी कॉम्प्युटरला हात न लावता प्रथम भिंतीवरील सॉकेट तपासले. फेज आणि न्यूट्रल यांमध्ये २३० व्होल्टच्या आसपास दाब हवा. फेज आणि अर्थ यांमध्येही जवळजवळ तेवढाच हवा, आणि न्यूट्रल व अर्थ यांमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट. जुन्या घरांत पुष्कळदा तीन पिनांचे सॉकेट असते, पण अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. अशा वेळी कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. ही तपासणी वायरमनने किंवा या कामाच्या जाणकारानेच करावी.

२. एसएमपीएस आणि त्याच्या तारा

एसएमपीएस कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठून राहते. बाहेरून मात्र पुष्कळ तपासता येते. मदरबोर्डला २४ पिनांची मोठी तार आणि प्रोसेसरसाठी ४ किंवा ८ पिनांची वेगळी तार लागते. ही दुसरी तार बसवायची राहून गेली, तर पंखे फिरतात पण चित्र येत नाही. ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची तार दिसायला तशीच असते, परंतु तिची जोडणी वेगळी आहे. ती प्रोसेसरच्या जागी बळजबरीने बसवू नये. यंत्र चालू असताना १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट मिळाले, तर तो दाब ठीक समजावा.

३. कमीत कमी भागांवर यंत्र चालवून पाहा

प्लग काढावा, बटण काही सेकंद दाबून धरावे आणि मदरबोर्ड कॅबिनेटमधून बाहेर घ्यावा. तो त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा. अंगातील स्थिर विजेने भाग बिघडू नयेत म्हणून भागांना हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. आता बोर्डावर फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एकच पट्टी ठेवावी. ही पट्टी कोणत्या खाचेत बसवायची, हे माहितीपुस्तिकेत दिलेले असते. चार खाचांच्या बोर्डावर बहुधा प्रोसेसरकडून दुसरी खाच असते. बटणाच्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवले, की यंत्र सुरू होते.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' असते, त्यात चित्र दाखविण्याची सोय नसते. त्याला ग्राफिक्स कार्ड लागतेच, आणि मॉनिटरची तारही त्या कार्डालाच जोडावी लागते. तसेच डीडीआर-५ रॅम असल्यास पहिल्या वेळी पडद्यावर काही येण्यास काही मिनिटे लागू शकतात. एवढ्यात यंत्र बिघडले असे समजून ते बंद करू नये.

४. एका वेळी एकच बदल

रॅमची पट्टी बदलायची असेल, तर त्या खेपेस दुसरे काहीही बदलू नये. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झाले, तर दोष कशात होता हे कळत नाही. बहिणीने वहीत तीन रकाने आखले : काय बदलले, काय दिसले, त्यावरून काय ठरले. जमाखर्चात जसा प्रत्येक व्यवहार वेगळा लिहितात, तशीच ही नोंद होती.

५. ताळा जुळतो का?

खोक्यावर ठेवलेला बोर्ड पहिल्याच खेपेस सुरू झाला आणि मॉनिटरवर बायोसचा पडदा आला. म्हणजे मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि एसएमपीएस हे चारही भाग ठीक होते. तोच बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवला, की पुन्हा पंखा क्षणभर फिरून थांबे. तेव्हा दोष बोर्ड आणि कॅबिनेट यांच्यामध्येच असला पाहिजे, असे मामूंनी सांगितले. वाइंडिंग केलेली मोटार बाहेर चालते आणि बॉडीत बसवताच फ्यूज उडतो, तेव्हा तार कोठेतरी बॉडीला लागलेली असते. हे त्यांच्या रोजच्या कामातलेच होते.

बहिणीने मोजणी केली. बोर्डाला स्क्रूची छिद्रे सहा होती, पण बोर्डाखाली येणाऱ्या पितळी खुंट्या सात भरल्या. या खुंट्यांना दुकानात स्टँडऑफ म्हणतात. एकच कॅबिनेट निरनिराळ्या आकारांच्या बोर्डांसाठी केलेले असते, म्हणून काही खुंट्या कारखान्यातूनच लावून येतात. सातवी खुंटी बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करीत होती, आणि एसएमपीएस स्वतःच्या रक्षणासाठी लगेच बंद होत होता. ती खुंटी काढताच यंत्र चालू झाले. खर्च झाला तो मामूंच्या एसटी भाड्याचा.

घरचे हुन्नर

या उदाहरणात कॉम्प्युटरचा अभ्यास फक्त भाच्याचा होता. विजेची समज मामूंची होती आणि मोजदादीची सवय बहिणीची. तिघांचे ज्ञान एकत्र आले म्हणून दोष सापडला. एका कामाचे कसब दुसऱ्या कामी येणे आपल्या भागाला नवे नाही. मिरजेतील शिकलगार मंडळी पूर्वी हत्यारांना धार आणि झिलई देत. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातील फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांच्या कामाला हात घातला आणि पुढे ते कसब घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांसाठी

सुटे भाग घेताना पक्के बिल घ्यावे आणि त्यावर भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. वॉरंटीची मुदत संपेपर्यंत बिल जपून ठेवावे, आणि माल परत करण्याची मुदत संपेपर्यंत खोकी टाकू नयेत. भाग हाती येताच जोडणी करून तपासावी, कारण परतीची मुदत मोजक्या दिवसांचीच असते. साधा मल्टिमीटर घरात असू द्यावा. पुढे दुरुस्तीचे दुकान काढायचे असेल, तर तीन रकान्यांची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. ग्राहकाला नवा भाग घ्यायला सांगण्यापूर्वी जुना भाग बिघडला आहे हे त्याच्यासमोर सिद्ध करून दाखवावे. खुंटी काढून यंत्र सुरू झाले, तर मजुरी खुंटी काढण्याचीच घ्यावी. सातारा-सांगलीसारख्या गावांत गिऱ्हाईक एकमेकांना ओळखतात. ज्या दुकानात विनाकारण खर्च पडत नाही, त्या दुकानाचे नाव सांगावे लागत नाही.