यंदा सोऱ्या माळ्यावरच राहू दे

ये, बैस अशी जवळ. शेवटची केमो होऊन वर्ष झालं, केस कानापर्यंत आले, रिपोर्ट चांगला आला म्हणून घरच्यांनी पेढेही वाटले. आणि तू रात्री दोन वाजता टक्क जागी, हो ना? जो तो म्हणतो, "देवानं दुसरा जन्म दिलाय, सोनं कर त्याचं." पण उद्या सकाळी उठून नेमकं करायचं काय, ते कुणी सांगत नाही.

खरं सांगू का, मी त्या सोन्याची सुरुवात फराळापासून केली होती. उजव्या स्तनाचं ऑपरेशन, काखेतल्या गाठीही काढलेल्या. वर्षभर जावेनं डबे पुरवले, सासूबाईंनी या वयात माझं सगळं केलं, ह्यांच्या रजा संपल्या. तेवढं सगळं मला एका दिवाळीत फेडायचं होतं गं! कुणाला हात लावू न देता मी चार किलो भाजणीच्या चकल्या पाडल्या. सोऱ्या दाबायला किती जोर लागतो ते तुला सांगायला नको. तिसऱ्या दिवशी उजव्या हातातली पाटली मनगटात रुतून बसली. साबण लावला, तेल लावलं, निघेना. शेवटी सोनारानं ती कापली आणि खाली कातडीवर लालभडक वळ उठलेला. काखेतल्या गाठी काढल्या की हातात साठणारं पाणी परत जायची वाट अरुंद होते. त्या सुजेला लिम्फेडिमा म्हणतात. मला ती तेव्हा आली आणि पुढे कित्येक महिने दाबाची बाही घालून वावरावं लागलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "चकल्यांसाठी वाचवलं का तुला?"

त्या वाक्यानं मला फार रडवलं. पण बघ, माझे डोळेही त्यानंच उघडले. ज्यांनी तुझं केलं, त्यांना तू हवी होतीस. आता ही वर्षं तू त्यांची परतफेड करण्यात घालवलीस, तर ती हळूहळू पुन्हा ओट्यापाशीच संपतील. तुला वाटेल ही स्वार्थी झाली. वाटू दे.

आधी शरीराचं बघ, त्यात हयगय नको. टॅमॉक्सिफेनची गोळी चालू असेल तर ती बहुतेकींना ५ वर्षं घ्यावी लागते, काहींना १०. अंगातून गरम वाफा निघतात, झोप मोडते, मला ठाऊक आहे. पण मनानं बंद करू नकोस, डॉक्टरांशी बोल. ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताला सुई टोचायच्या आधी नर्सला सांग. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं, एवढं कर. वजन उचलायचंच असेल तर फिजिओथेरपिस्टला विचारून, हळूहळू वाढवत. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एकाच फाइलीत लाव. बँकेतली वारसनोंद एकदा उरकून टाक, मग तो विषय डोक्यातून काढून टाकता येतो.

आणि भीतीचं म्हणशील तर तपासणीच्या आधीच्या आठवड्यात ती येणारच. साधी पाठ धरली तरी पोटात गोळा येतो. मी दुखणं कॅलेंडरवर लिहून ठेवते. दोन आठवड्यांत गेलं नाही किंवा वाढत चाललं, की सरळ फोन करते. तारीख लिहिली की रात्री निदान डोळा लागतो. "पॉझिटिव्ह राहा" म्हणणाऱ्यांसमोर हसायची सक्ती मात्र करून घेऊ नकोस. रडायचं तेव्हा रड.

मग उरलेल्या वेळाचं काय? काहीतरी भव्य नवंच शोधायला हवं असं नाही गं. डॉ. सुनंदा अवचटांचं बघ. १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, ते त्यांच्या पुढाकारानं. पुढे कर्करोगानं गाठलं, १९९७ साली त्या गेल्या. पण आजारपणातही व्यसनातून उठू पाहणाऱ्या माणसांचं हातातलं काम त्यांनी सोडलं नाही. त्यांच्या बाबतीत मला सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की जे आधीपासून आपलं होतं तेच त्यांनी घट्ट धरून ठेवलं.

माझ्याकडे असं मोठं काम नव्हतं. लहानपणी पेटी शिकायची राहिली होती, तेवढंच. केमोनं बोटांची टोकं बधिर झालेली, सुरुवातीला काळी पट्टी आणि पांढरी पट्टी हाताला वेगळी कळेना. डोळ्यांनी बघून बोट ठेवायचं, डाव्या हातानं भाता हलवायचा. भूपाचा आरोह सरळ वाजायला पावसाळा गेला. क्लास मंगळवारी आणि गुरुवारी चार ते पाच, म्हणजे नेमकी घरातल्या चहाची वेळ. पहिल्या आठवड्यात घरी सगळे माझी वाट बघत कोरडे बसले. आता हे आलं किसून घालतात, तेही माझ्यापेक्षा जास्त.

तुझी अशी वेळ कोणती, ते आज ठरव आणि घरात सांगून टाक. विचारू नकोस, सांग. आणि दिवाळीला चकल्या विकत आण. भाजणीच्याच आण हं, आणि पाटली तेवढी सैल करून घे.