कुंडी भंडारा आणि तुर्फानच्या विहिरी

‘सर, तुम्ही चिनी भाषा शिकलात, तिचा उपयोग काय झाला?’ हा प्रश्न आमच्या वर्गात दरवर्षी एकदा तरी येतो. यंदा तो स्टाफरूममध्येही आला, म्हणून हा लेख. दिल्लीला जवाहरलाल नेहरू विद्यापीठात असताना हौसेने घेतलेली ही भाषा पुढे भूगोल शिकवण्याच्या धांदलीत मी जवळजवळ विसरलो होतो. ती पुन्हा बाहेर काढावी लागली ती माझ्या गावच्या पाण्यामुळे.

चीनमधील संशोधन आपल्यापर्यंत पोचते ते इंग्रजीतून, आणि तेही मोठमोठ्या प्रश्नांवरचे. लोकसंख्येचेच पाहा. पेकिंग विद्यापीठाचे प्रमुख मा यिनछू यांनी १९५७ साली लोकसंख्यावाढ आवरण्याचा सल्ला दिला आणि १९६० मध्ये त्यांना पद सोडावे लागले. पुढे क्षेपणास्त्रांचे गणित करणाऱ्या सुंग च्येन यांनी माणसांचे गणित मांडले. १९८० च्या सुमारास एक-अपत्य धोरण आले ते २०१५ अखेरपर्यंत चालले. हे सारे आपल्या ग्रंथालयांत वाचायला मिळते. पण एखाद्या जिल्ह्यातल्या विहिरी किती, त्यांपैकी वाहत्या किती, आटल्या त्या का, असले खालच्या पायरीवरचे काम बहुधा चिनी भाषेतच राहते. मला हवे होते नेमके तेच.

मी मूळचा बऱ्हाणपूरचा. राजपुरा मोहल्ल्यात आमचे जुने घर. शहर मध्य प्रदेशात असले तरी खानदेशाच्या उंबऱ्यावर आहे. रावेर ओलांडले की आलेच. घरात मराठी, गल्लीत हिंदी-उर्दू, बाजारात निमाडी. तापी गावाला लागून वाहते, पण गाव उंच काठावर आणि नदी खाली. १६०१ मध्ये असीरगड मोगलांच्या हाती गेल्यावर येथे फौज वाढली, वस्ती वाढली, आणि पाणी नदीतून वर चढवण्यापेक्षा डोंगराकडून खाली आणणे शहाणपणाचे ठरले. अब्दुल रहीम खानखानाच्या सुभेदारीत, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याकडून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीच्या पोटातच गाठले. शहराभोवती अशा आठ योजनांचा माग लागतो. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण ही त्यांतली काही नावे. लालबागेकडचा कुंडी भंडारा त्यांत सर्वांत प्रसिद्ध. लोक त्याला खूनी भंडारा म्हणतात, आणि कारण विचारले तर प्रत्येक जण निराळी गोष्ट सांगतो.

रचना समजून घेण्यासारखी आहे. डोंगराच्या उतारावर जमिनीखाली पाण्याची एक तिरकी पातळी असते. तिला छेदेल असा, पण जमिनीपेक्षा कमी उताराचा बोगदा खणायचा. वरून थोड्या थोड्या अंतरावर उभ्या विहिरी, म्हणजे कुंड्या, उतरवायच्या: खणताना माती काढायला, पुढे हवा खेळायला आणि दुरुस्तीला. कुंडी भंडाऱ्यावर अशा शंभराहून अधिक कुंड्या आहेत. त्यांपैकी एकीतून आज पाळण्याने सुमारे ८० फूट खाली उतरता येते. पाणी आपल्या वजनानेच चालते. मोट नाही, रहाट नाही, इंजिन नाही. शेवटी ते जाळी करंजाच्या हौदात येई आणि तेथून शहरात वाटले जाई.

या रचनेला एक मर्यादा आहे, आणि माझ्या मते तीच तिची अक्कल. बोगद्याच्या तळाखालचे पाणी तिला ओढता येत नाही. डोंगर जेवढे देईल तेवढेच ती घेते. उलट भूजल हातभर जरी तळाखाली गेले, तरी चारशे वर्षांची ही योजना कोरडी पडते. म्हणजे कुंडी ही पाण्याची वाट तर आहेच, शिवाय ती भूजलाची मोजपट्टीही आहे. आम्ही राजपुऱ्यातले लोक लहानपणापासून पाहुण्यांना ती दाखवत आलो. तिच्यावर काही मोजावे हे आम्हांला सुचले नाही. मला ते सुचवले चिनी लेखांनी.

शिंच्यांगमधील तुर्फान हे खोलगट वाळवंट आहे. पाऊस वर्षाला सरासरी १६ मिलिमीटर. आपल्याकडे वळवाची एक सर याहून जास्त पडते. तरी तेथे द्राक्षे पिकतात ती तिएनशान पर्वताच्या बर्फाचे पाणी अशाच बोगद्यांनी आणल्यामुळे. चिनी भाषेत त्यांना ‘खानअरजिंग’ म्हणतात. शेवटच्या ‘जिंग’चा अर्थ विहीर. आधीचा भाग हा ‘कारेझ’ या शब्दाचा चिनी उच्चार होय, आणि हा शब्द कानडी विभागाच्या वाचकांच्या ओळखीचा असेल, कारण बीदरजवळच्या नौबादला बहमनी काळातल्या अशाच योजनेला आजही ‘करेज’ म्हणतात. विजापूरची सुरंग बावडी आणि जुन्या औरंगाबादची नहर-ए-अंबरी ही याच घराण्यातली भावंडे. बऱ्हाणपूरने मात्र शब्द टाकला आणि विद्या ठेवली.

ही विद्या मूळची कोणाची, यावर चिनी विद्वानांत मोठा वाद आहे. वांग क्वोवेई (१८७७–१९२७) यांचे म्हणणे असे की ती चीनचीच. सम्राट वू याच्या काळात लुंगशोउ कालव्याचे काठ ढासळू लागले, तेव्हा विहिरी खणून त्या खालून जोडल्या, असे इतिहासकार सिमा च्येनने लिहून ठेवले आहे. फ्रेंच पंडित पेलिओ यांनी इराणी मूळ मांडले. मला वांग यांचा पुरावा पुरेसा वाटत नाही. तो कालवा नदीचे पाणी टेकडीपलीकडे नेण्यासाठी होता. झिरपणारे पाणी गोळा करणे हे वेगळे काम आहे. शिवाय नाव इराणी, आणि खणणारे हात उइगुर. या कारागिरांचे शब्द त्यांच्या भाषेत आहेत आणि चिनी लेखांत ते भाषांतर होऊनच येतात, ही त्या संशोधनाची मोठी उणीव आहे. असो.

जाता जाता एक गोष्ट. ज्या लिन झशू यांनी १८३९ मध्ये इंग्रज व्यापाऱ्यांची अफू नष्ट केली, त्यांना पुढे शिंच्यांगला हद्दपार व्हावे लागले. १८४५ मध्ये जमिनीची पाहणी करताना त्यांनी तुर्फानच्या या विहिरी पाहिल्या आणि त्या वाढवण्यास उत्तेजन दिले. त्या काळी मुंबईहून चीनला जाणारी अफू माळव्यातली असे, म्हणजे आमच्या शेजारची.

आता मोजणीकडे येतो. चिनी लेखांत प्रत्येक कारेझपुढे दोन शब्दांपैकी एक असतो: ‘यौश्वे’, म्हणजे पाणी असलेली, किंवा ‘गानहे’, म्हणजे आटलेली. तुर्फानमध्ये १९५७ साली १,२३७ वाहत्या होत्या. २००३ साली ४०४ उरल्या. आकडे दर लेखात तंतोतंत जुळत नाहीत, कारण कोणी खणलेल्या मोजतो, कोणी वाहत्या. काही लेखक तर एकमेकांचे आकडे न तपासता उचलतात. सुरुवातीचा परिच्छेदभर सरकारी भाषा सोसावी लागते. पण त्यानंतर कारण स्पष्ट सांगितलेले असते: शेती वाढली, यांत्रिक विहिरी आल्या, आणि त्यांनी कारेझच्या तळाखालचे पाणी उपसले. २००६ साली शिंच्यांगमध्ये कारेझ-संरक्षणाचा कायदा झाला, त्यात उगमाकडच्या विहिरीजवळ नवी यांत्रिक विहीर घेण्यास बंदी आहे.

हे वाचताना मला आमच्या काकांची केळीची बाग दिसू लागली. त्यांनी पहिली बोअर घेतली तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. पुढे ती आटली, दुसरी घेतली, मग तिसरी, प्रत्येक आधीहून खोल. त्याच वर्षांत राजपुऱ्यातल्या घरची विहीर गेली. आजीचा पोहऱ्याचा दोर अजून माळ्यावर आहे. त्याला दोन ठिकाणी जोड आहेत. पाणी खाली गेले तसतसा तिने तुकडा वाढवला. आमच्या घराण्यात भूजलाची नोंद ठेवणारी तीच एक.

मागच्या उन्हाळ्यात तो दोर ओसरीवर पसरून मी काकांना तुर्फानची हकीकत सांगितली. ते बराच वेळ जोडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘अरे, म्हणजे खानखानाचे पाणी माझ्या बोअरने प्यायले म्हणतोस?’

‘एकट्या तुमच्या नाही, काका.’

‘तेच तर. मी केळी काढून टाकीन, पण बाकीचे काढणार आहेत का? आणि कर्ज फेडायचे कशाने, हरभऱ्याने?’

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. चिनी लेखांतही नाही. तेथे कायदा आहे, पण द्राक्षवाल्याने त्या वर्षी काय खावे हे लिहिलेले मला आढळले नाही. शेजारच्या रावेर-यावल पट्ट्यातही भूजल केळीच्या मागे खोल गेले आहे.

मार्च २०२४ मध्ये खूनी भंडारा युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा-यादीत आला. तुर्फानच्या विहिरी त्या यादीत २००८ पासून आहेत आणि इराणच्या अकरा योजना २०१६ मध्ये प्रत्यक्ष वारसास्थळ झाल्या. मला आनंद झाला, पण भीतीही वाटली. दगड जपता येतील, तिकीट लावता येईल. बोगद्यात साचणारे चुन्याचे थर खरवडून काढता येतील. पाण्याची पातळी मात्र कुंपणाबाहेर ठरते, काकांच्या आणि इतरांच्या शेतात.

तेव्हापासून मी सुटीत गावी गेलो की पाळण्याने खाली उतरतो आणि भिंतीतल्या एका ठरावीक दगडापासून पाणी किती बोटे खाली आहे ते वहीत लिहितो. दुसऱ्या रकान्यात काका फोनवरून सांगतात ती त्यांच्या बोअरची पातळी. नोंदी अजून थोड्या आहेत, त्यांवरून काही म्हणणे घाईचे होईल. आपल्या महाविद्यालयात बीदरकडचे विद्यार्थी आहेत. त्यांच्यापैकी कोणी नौबादच्या करेजवर अशी वही धरणार असेल, तर रकाने कसे पाडायचे ते मी दाखवीन. चिनी लेखांच्या प्रतीही माझ्या कपाटात आहेत. मंगळवारी दुपारी मी मोकळा असतो.