वारुळावरची अळिंबी आणि नीलवंत फुलपाखरू

पावसाळ्यात रानातील वारुळांवर अळिंबी उगवते, आणि त्याच दिवसांत कागदी लिंबाच्या झाडाभोवती नीलवंत फुलपाखरू घिरट्या घालताना दिसते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिला तो यासच. ही जोडी वर्गात एकत्र शिकवावी असे सुचविल्यास काही शिक्षकांस नवल वाटेल. एक वनस्पती, दुसरा प्राणी. तुलना कशी व्हावयाची?

मुळात अळिंबी ही वनस्पती नव्हे. जुन्या पुस्तकांत तिला बिनफुलांच्या वनस्पतींत बसवीत. १९६९ मध्ये व्हिटेकर या अमेरिकी शास्त्रज्ञाने सजीवांची पाच सृष्टींत मांडणी करून कवकांस स्वतंत्र स्थान दिले. कवकात हरितद्रव्य नसते. त्याच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, आणि नीलवंताच्या बाह्य कवचातही तेच द्रव्य! मुलांस हे अवश्य सांगावे.

वाळवी लाकूड व पालापाचोळा चावून वारुळात नेते. त्यावर कवक वाढते, लाकडाचा कठीण अंश मऊ करते, आणि वाळवी ते खाते. शेतकऱ्याचे व पिकाचे नाते म्हणावे, तसाच हा व्यवहार. खरे कवक तंतुरूपाने वारुळातच राहते. वर दिसणारी छत्री केवळ बीजाणू पसरविण्यापुरती. नीलवंताचेही असेच. मादी लिंबूवर्गीय झाडाच्या पानावर एकेक अंडे घालते. कोवळी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून शत्रूस फसविते. पुढे ती हिरवी होते. खाऊन वाढावयाचे काम अळीचेच. फुलपाखरू मध शोषते, पण वाढत नाही. भेद एवढाच की, अळी पान पोटात घेऊन पचविते, तर कवक पाचकरस बाहेर सोडून मग अन्न शोषते.

एका बाबतीत शिक्षकाने कठोर असावे. रानातील अळिंबी मुलांस चाखू देऊ नये. विषारी अळिंबीने चांदीचे नाणे काळे पडते, किडीने खाल्लेली अळिंबी निर्विष असते, या समजुती खोट्या आहेत. काही जातींचे विष शिजवूनही जात नाही. लक्षणे कित्येक तासांनी दिसतात, तोवर यकृताची हानी सुरू झालेली असते.

प्रयोगासाठी उमललेल्या अळिंबीची छत्री तोडून, खालची बाजू कागदावर टेकवून, वर वाडगा पालथा घालावा. सकाळी कागदावर बीजाणूंची नक्षी उमटलेली दिसते. हात साबणाने धुवावेत.