‘ग’पासून ‘प’पर्यंत

‘ताई, रोज तासभर वाजवते हो, पण बसतच नाही.’ व्हायोलिनचा क्लास घेणाऱ्या कुणालाही हे वाक्य पाठ असतं. तासभर वाजवते हे खरं असतं आणि बसत नाही हेही खरं असतं. घरी त्या तासात काय चालतं ते मात्र आम्हाला दिसत नाही, कारण क्लासात मूल सावरून बसतं. म्हणून काही पालकांना मी सांगितलं, की मुलाला कल्पना देऊन मोबाइल कपाटावर टेकवा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि आपल्या कामाला लागा.

त्यातलं एक रेकॉर्डिंग नऊ वर्षांच्या मुलीचं होतं. भूपातली, तीनतालातली गत. मुलगी सोफ्याच्या कडेवर बसलेली. आमच्या बैठकीत मांडी घालून उजवा पाय जरा पुढे घेतात आणि त्याच्या घोट्यावर व्हायोलिनचं डोकं टेकवतात. सोफ्यावर ते टेकणार कशावर? डाव्या हाताचा अर्धा जीव वाद्य सांभाळण्यातच जात होता. तानपुऱ्याचं ॲप काळी एकवर होतं आणि तारा पांढरी दोनला मिळवलेल्या. कुणीतरी ॲप पुन्हा उघडताना पट्टी बदलली असणार. पोर मुकाट्याने त्याच्यावरच वाजवत होती.

पण खरी गंमत पुढे होती. गतीच्या दुसऱ्या ओळीत ‘ग’वरून ‘प’वर जाताना दरवेळी खर्र असा आवाज यायचा. स्वयंपाकघरातून आई ओरडायची, ‘चुकलं! परत पहिल्यापासून!’ मुलगी परत समेपासून सुरू करायची, पहिली ओळ झोकात वाजवायची आणि त्याच ठिकाणी पुन्हा खर्र. सगळा रियाज असाच. पहिली ओळ तिला आधीच येत होती, तिचीच घोटाई झाली. न येणारी जागा मात्र चुकीचीच पक्की होत गेली. हात जे पुन्हा पुन्हा करतो ते लक्षात ठेवतो; त्यातलं बरोबर काय आणि चूक काय, हे त्याला कळत नाही.

आईच्या मते ‘ग’ खोटा लागत होता. ‘ग’ बरोबर होता. आमच्याकडे तारा जाड तारेपासून प-सा-प-सां अशा मिळवलेल्या असतात. त्यामुळे ‘ग’ षड्जाच्या तारेवर बोटाने वाजतो आणि ‘प’ शेजारची मोकळी तार. म्हणजे त्या जागी डाव्या हाताला फारसं कामच नाही. काम आहे ते उजव्या हाताला. कोपरातून बोचा कोन बदलून एक तार सोडायची आणि दुसरी धरायची. ती फक्त मनगट वळवत होती, बो दोन्ही तारांवर एकदम घासत होता आणि खर्र होत होतं. घरात सगळे डाव्या हाताच्या बोटांकडे बघत होते. चूक ऐकू येते ती जागा आणि चूक होते ती जागा पुष्कळदा वेगळी असते.

पुढच्या आठवड्यात घरी गत वाजवायचीच नाही असं ठरलं. आधी डावा हात मांडीवर ठेवून नुसत्या मोकळ्या तारांवर सा-प, सा-प, बो लांब आणि सावकाश. तार बदलायच्या आधी क्षणभर थांबायचं, कोपर पुढच्या तारेच्या उंचीला आणायचं आणि मगच बो ओढायचा. ते स्वच्छ आलं की ‘ग’चं बोट ठेवून ग-प. मग रे-ग-प. मग ग-प-ध. सगळ्यात शेवटी ती ओळ, निम्म्या लयीत. मुलीला हे आधी कंटाळवाणं वाटलं, आईला तर त्याहून. आठवडाभर गाणं म्हणून काही ऐकायलाच मिळालं नाही, अशी तिची तक्रार. खर्र मात्र गेलं.

तेव्हापासून पालकांना मी सांगते ते एवढंच, की आमच्याकडून आठवड्याची एक जागा मागून घ्या. ‘हा राग कर’ असं नाही, नेमकी जागा. वहीत तिच्याभोवती पेन्सिलने गोल करा. घरचा रियाज त्या गोलापासून सुरू होऊ दे, गतीच्या आरंभापासून नव्हे. चुकलं तर ‘परत’ म्हणायच्या ऐवजी ‘आता हळू’ म्हणा. आणि ‘सूर खोटा’ हे शब्द घरात शक्यतो उच्चारूच नका. व्हायोलिनला पडदे नसतात, बोट केसभर सरकलं तरी स्वर हलतो, आणि धाकाने आखडलेलं बोट हमखास सरकतं. सूर तपासायचाच असेल तर वाद्य खाली ठेवून ती ओळ मुलाला तानपुऱ्यावर गायला सांगा. गळ्यात आलेला स्वर बोटाला सापडायला वेळ लागतो, पण सापडतो. गजाननबुवा जोशी गायकही होते आणि व्हायोलिनवादकही. एन. राजम यांनी पं. ओंकारनाथ ठाकुरांकडे तालीम घेऊन व्हायोलिनवर गायकी अंग आणलं. हिंदुस्थानी व्हायोलिनचा रस्ता गळ्यातूनच जातो, हे मी ठासून सांगते.

वेळेचं म्हणाल तर सात-आठ वर्षांच्या मुलाला सकाळी पंधरा मिनिटं आणि संध्याकाळी पंधरा मिनिटं पुरेत. सलग तासापेक्षा ती कितीतरी बरी.

ऐकणं हाही रियाजच, आणि त्यात तुमची मदत सगळ्यात जास्त होऊ शकते. जपानचे शिनिची सुझुकी मुलाच्या आधी पालकाच्या हातात व्हायोलिन द्यायचे, आणि धड्याची ध्वनिमुद्रणं घरात रोज वाजली पाहिजेत असा त्यांचा आग्रह असे. तुम्ही व्हायोलिन शिकलंच पाहिजे असं नाही. पण जेवताना टीव्हीऐवजी व्ही. जी. जोग किंवा डी. के. दातार लागू शकतात. लहान मुलांसाठी तर प्रभाकर जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’ लावा. ओळखीचं गाणं शब्दांशिवाय ऐकताना, बो कुठे थांबला आणि कुठे वळला, हे मुलाला आपोआप कळतं.

आता वाद्याविषयी. एका वडिलांनी मोबाइलवरच्या ट्यूनरमध्ये अक्षर बघून पहिली तार मिळवायला घेतली. अक्षर बरोबर दिसेना म्हणून खुंटी पिळत गेले. खरं तर तार थोडी सैल करायची होती, पण ते वरच्या सप्तकातल्या त्याच स्वराच्या मागे लागले. तार तुटून मुलाच्या गालाला लागली. डोळा थोडक्यात वाचला. तेव्हा ट्यूनर अक्षर दाखवतो, सप्तक कानाने ओळखावं लागतं, हे विसरू नका. थोडासा फरक असेल तर खालचे बारीक फाइन ट्यूनर फिरवा, खुंट्यांना शिक्षकांच्या देखरेखीशिवाय हात लावू नका, आणि तार चढवताना मुलाचा चेहरा जवळ नको. चारही तारा एकदम काढू नका. ब्रिज पडतो आणि आतली साउंड पोस्टही निसटू शकते, मग वाद्य कारागिराकडे न्यावंच लागतं. पावसाळ्यात खुंट्या फुगून घट्ट बसतात आणि बोचे केस दमटपणाने लांबतात. वाजवून झालं की बो सैल करून ठेवा, वर्षभर.

माप हा आणखी एक घोळ. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतात तसं व्हायोलिन घेऊ नका. पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण अशी मापं हात बघूनच ठरवायची असतात. मोठ्या वाद्यावर बोटं ताणावी लागतात, आणि ती ताणलेली सवय पुढे सोडवताना शिक्षकाचे हाल होतात. जुनं व्हायोलिन पुढच्या मुलाला विकलं जातं, पैशांची एवढी काळजी करू नका.

पाहुणे आले की ‘वाजवून दाखव’ म्हणणं तेवढं थांबवा. मुलालाच वाजवायचं असेल तर गोष्ट वेगळी.

गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा जवळ आल्या की घरोघरी तासाचे दोन तास होतात. मान अवघडते, डावा खांदा वर चढतो, उजव्या हाताचा अंगठा बोवर दाबून पांढरा पडतो. मूल ‘दुखतंय’ म्हणालं तर त्याला आळशी ठरवू नका. त्या दिवशी पेटी बंद करा आणि शिक्षकांना फोन करून बैठक पुन्हा तपासून घ्या. दुखणं तरीही राहिलं तर डॉक्टरांना दाखवा आणि यंदाचा फॉर्म खुशाल सोडून द्या. परीक्षा वर्षातून दोनदा असते.