चिमुकली बोटे आणि तीन ऋतू



जून महिना आला की पाटी-दप्तराची खरेदी होते. पोर जेमतेम चार वर्षांचे असते, पण घरच्यांना घाई झालेली असते, ‘आता अ आ इ गिरवायला लागले पाहिजे.’ मुलाची मूठ पेन्सिलीभोवती आवळली जाते, अक्षर रेघेबाहेर पळते, बोटे दुखतात. मग शाळेत आणि घरी दोन्हीकडे बोलणी बसतात. ‘मठ्ठ’ असा शिक्का एकदा बसला की ते मूल शाळेचे नाव काढताच रडू लागते.

पुष्कळदा दोष बुद्धीचा नसतो. त्या मुलाची बोटे अजून तयार झालेली नसतात. नांगरट आणि वखरणी न करता कोणी पेरणी केली व पीक आले नाही, तर दोष बियाण्याला द्यायचा का? लिहिणे ही पेरणी आहे. तिच्याआधीची मशागत कशी करावी, ते आज पाहू.

बोटे कशी तयार होतात?

जन्मतः मनगटात हाडाऐवजी मऊ कूर्चा असते. तिचे हाड होण्याचे काम कित्येक वर्षे चालते. मूल आधी खांद्यापासून हात हलवते, मग कोपरापासून, मग मनगटापासून आणि शेवटी बोटांनी. साधारण नऊ-दहा महिन्यांचे बाळ अंगठा व तर्जनीच्या चिमटीत चुरमुरा उचलते. तिसऱ्या वर्षी मूल मोठे मणी ओवते व गोल काढू पाहते. चौथ्या वर्षी काडी मुठीत न धरता बोटांत धरते. पाचव्या वर्षी सदऱ्याची काही बटणे स्वतः लावते. हा क्रम ढोबळ आहे; एखादे मूल थोडे पुढे, एखादे थोडे मागे असते. त्यावरून शेजारच्या पोराशी तुलना करू नये.

कोसबादचा धडा

डॉ. मारिया माँटेसरी या इटालियन विदुषीने 1907 साली रोममधील गरीब वस्तीत बालगृह उघडले. हाताने काम करता करता मूल शिकते, हे तिने दाखवून दिले. पुढे 1939 साली ती मद्रासला आली व येथील अनेक शिक्षकांना तिने तयार केले. परंतु तिची साधने महाग होती. खेड्यातल्या बालवाडीला ती कशी परवडणार?

याचे उत्तर आपल्याच भाषेतल्या एका बाईने शोधले. ताराबाई मोडक यांनी 1945 साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. 1957 साली हे काम जवळच्या कोसबाद टेकडीवर, आदिवासी वस्तीत गेले. आज तो भाग पालघर जिल्ह्यात येतो. विकतच्या साधनांऐवजी त्यांनी खडे, शिंपले, पाने, बिया, काड्या आणि माती घेतली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. आपल्या अंगणात आणि शेतातही ही सारी साधने पडलेली आहेत. ऋतूप्रमाणे ती वापरायची, एवढेच.

पावसाळा

ओली माती हे पहिले साधन. माती मळणे, गोळे वळणे, लांब वळी करणे यांनी तळहाताला व बोटांना बळ येते. पोळ्याच्या सुमारास मुले बैल करतात. त्यांना करू द्यावेत. शिंगे वाकडी झाली तर आपण सरळ करू नयेत. पळसाची पाने काडीने टाचून द्रोण करणे चार-पाच वर्षांच्या मुलाला जमू लागते. पावसाळा सरताना तेलंगणात बतुकम्मासाठी तरवड, कुरडू व झेंडूची फुले रचतात. अशी फुले रंगांप्रमाणे वेगळी करणे व थरांत मांडणे हा छान अभ्यास आहे.

हिवाळा

हा शेंगांचा काळ. वाटाणा, तूर, हरभऱ्याचे घाटे सोलताना दोन्ही हात वेगवेगळे काम करतात. एक धरतो, दुसरा सोलतो. पुढे वही धरून लिहिताना हेच लागते. बोंडातला कापूस सरकीपासून सोडवणे, वात वळणे हेही करून घ्यावे. ज्वारीच्या धांड्याची साल मोठ्यांनी काढून द्यावी, कारण तिची धार बोट कापते. आतल्या भेंडाचे तुकडे काड्यांनी जोडून मुले झकास गाडी करतात. नाताळच्या गव्हाणीसाठी मातीची मेंढरे मुलांकडूनच करून घ्यावीत.

उन्हाळा

आया-आज्या वळवटाला बसतात. गव्हले, मालत्या, नखुले करताना चिमटीचा जो सराव होतो, तो कोणत्याही विकतच्या खेळण्यात नाही. मुलाला कणकेचा वेगळा गोळा द्यावा. चिंचोके मोजणे, वाटीतून वाटीत टाकणे, अंगणातल्या धुळीत बोटाने रेघा व गोल काढणे हेही करावे. झावळ्यांच्या रविवारी माडाच्या पात्याचा साधा क्रूस विणायला शिकवावा.

विद्यानगरसारख्या शहरी वस्तीत राहणाऱ्यांनीही निराश होऊ नये. ताटभर तांदूळ, कणकेचा गोळा, चार शेंगा आणि एक कुंडी पुरते. गावाहून येताना चिंचोके घेऊन यावे. मोबाइलच्या काचेवर फिरणाऱ्या बोटाला मात्र पकड येत नाही.

सावधगिरी

1. पेरणीचे उरलेले लाल, गुलाबी किंवा निळे-हिरवे बियाणे मुलांच्या हाती कधीही देऊ नये. त्याला औषध लावलेले असते. औषधाच्या रिकाम्या बाटल्या व पिशव्या खेळायला देऊ नयेत.
2. एरंड, मोगली एरंड, गुंज व धोतरा यांच्या बिया विषारी आहेत. मुलाने खाल्ल्यास घरगुती उपाय करीत बसू नये. बी सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा.
3. तीन वर्षांखालील मुलांना बिया व शेंगदाणे खेळायला देऊ नयेत. घशात अडकून जीव जातो. मोठ्या मुलांजवळही कोणीतरी बसावे. नाकात बी गेल्यास काडी घालू नये, डॉक्टरांकडे न्यावे.
4. मातीकामानंतर हात साबणाने धुवावेत, नखे कापलेली असावीत आणि धनुर्वाताच्या लसीचे डोस पुरे झालेले असावेत.
5. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताची सक्ती करू नये. मात्र दीड वर्षाच्या आतील बाळ एकच हात वापरत असेल व दुसरा हलवत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

गृहपाठ

रोज पंधरा मिनिटे पुरेत. कामाला जुंपल्यासारखे नको. मूल कंटाळले की थांबावे. सांडेल, मोडेल, वेळ जाईल. शेंगा आपण भराभर सोलून टाकू शकतो, पण मग त्या बोटांची मशागत कोण करणार? या आठवड्यात सदऱ्याचे एक बटण मुलाला स्वतः लावू द्या. आपला हात मागे ठेवून थोडी वाट पाहा. वापसा येईपर्यंत थांबणे शेतकऱ्याला चांगले ठाऊक असते.