मुरगळलेला घोटा आणि हरवलेला तोल

स्नेहसंमेलनाचे दिवस आले की दवाखान्यात लंगडणारी मुले येऊ लागतात. मागच्या हिवाळ्यात देवळीकडची नववीतील एक मुलगी आली. लावणीचा सराव करताना तिचा पाय मुरगळला होता. आठ दिवसांत दुखणे थांबले, ती पुन्हा नाचू लागली आणि तोच पाय पुन्हा मुरगळून पडली. "डॉक्टरसाहेब, दुखणं तर गेलं होतं ना जी!" वडील म्हणाले. त्यांच्या प्रश्नाचे हे उत्तर.

घोट्याच्या बाहेरील बाजूस हाडांना बांधून ठेवणारे तीन अस्थिबंध असतात. पाऊल आत वळले की त्यांतील पुढचा बहुधा प्रथम ताणला जातो किंवा फाटतो. टाच उचललेली असताना हा धोका अधिक. घोट्यातील हाड पुढे रुंद व मागे अरुंद असते. टाच उचलली की अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांध्याची पकड सैल होते. चवड्यांवर नाचणाऱ्या पाश्चात्त्य बॅले नर्तकींमध्ये म्हणूनच ही दुखापत नेहमीची आहे. आपल्या लावणीत व कथकमध्ये गिरक्या आहेत, शिवाय घुंगरांचे ओझे.

आता तोलाविषयी. डोळे मिटूनही आपले पाऊल कसे टेकले आहे हे आपल्याला कळते. अस्थिबंध व स्नायूंतील मज्जातंतू ही वार्ता मेंदूला पोचवितात. अस्थिबंधाला इजा झाली की ही वार्ता मंदावते. सूज उतरते, वेदना जाते. पण पाऊल वाकडे पडताना स्नायू वेळेवर सावरत नाहीत.

पाय मुरगळल्यावर पहिले दोन-तीन दिवस तो चोळू नये, शेकू नये, ओढून 'लचक काढू' नये. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा लावावा. क्रेप बँडेज बांधून पाय उशीवर ठेवावा. बोटे बधिर किंवा निळी पडल्यास पट्टी लगेच सैल करावी. चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यास दुखत असेल, तर एक्स-रे काढावा. वाढत्या वयात हाडांची टोके नाजूक असतात, म्हणून मुलांना डॉक्टरांना दाखवावेच.

पायावर भार घेता येऊ लागला की तोलाचा व्यायाम सुरू करावा. भिंतीजवळ दुखऱ्या पायावर ३० सेकंद उभे राहावे. जमले की डोळे मिटून, नंतर घडी केलेल्या सतरंजीवर. त्यानंतर भिंतीचा आधार घेऊन १० ते १५ वेळा टाचा उचलाव्यात. हे रोज १० मिनिटे, निदान सहा आठवडे करावे. दोन्ही पायांवर सारखाच वेळ तोल सांभाळता आला आणि एका पायावर न दुखता उड्या मारता आल्या, तरच पुन्हा घुंगरू बांधावेत.

तोल पुन्हा शिकता येतो. मुंबईच्या भरतनाट्यम् नर्तकी सुधा चंद्रन यांना १९८१ मधील अपघातानंतर एक पाय गमवावा लागला. जयपूर फूट बसवून, सराव करून त्या १९८४ मध्ये पुन्हा रंगमंचावर नाचल्या. आपल्या मुलांचा तर पाय शाबूत आहे. त्याला फक्त वेळ हवा.

शिक्षकांना व पालकांना एवढीच विनंती, लंगडणाऱ्या मुलाला रंगमंचावर उभे करू नका. एक संमेलन हुकले तरी पुढच्या वर्षी दुसरे येते. पाय मात्र आयुष्यभर वापरायचा असतो.