ताईचं ऑपरेशन आणि तू

चि. मंदार,

काल रात्री सुमनचा फोन आला. तुझ्या आईचं, आमच्या ताईचं ऑपरेशन तू पुढे ढकललंस आणि तिला मणके बसवणाऱ्याकडे नेऊन आणलंस म्हणे. कोणीतरी सांगितलं, पाठीला सुरी लागली की माणूस लुळा होतो, आणि तू ऐकलंस! तुझ्या या मावशीचा सगळा जन्म हाडांच्या वॉर्डात गेला, तिला एक फोन करावासा वाटला नाही?

आधी सांग, तिला लघवी नीट होते ना? बसायच्या जागी बधिर वाटत नाही ना? लाजू नकोस, विचार.

लोक ‘मणक्यात गॅप आलाय’ म्हणतात. ताईच्या बाबतीत उलट आहे, जागा कमी झालीय. वयाने सांधे वाढले, गादी फुगली, आतलं लिगामेंट जाड झालं आणि कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी नसा आवळल्या. म्हणून चालताना तिच्या पोटऱ्या भरून येतात आणि वाकलं की बरं वाटतं. गणपतीत मोदक वळताना ओट्यावर कोपरं टेकून उभी होती, आठवतं? वाकल्यावर नसांना जागा मिळते, म्हणून. अशी पाठ कुणी मागे ताणून कडाकडा वाजवायची? माझ्या अंगावर काटा आला.

आता लुळं होण्याच्या भीतीचं. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याच्या खाली असतो तो नसांचा जुडगा. मागचं थोडं हाड आणि जाड लिगामेंट काढून डॉक्टर त्याला जागा करून देतात. धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. नसांवरचं आवरण फाटू शकतं, जखम चिघळू शकते, क्वचित नसेला इजा होते. म्हणून तिची शुगर आधी आटोक्यात आणा. पायांना आराम पडण्याची आशा चांगली आहे, कंबरदुखी मात्र पूर्ण जाईलच असं धरून बसू नका. स्क्रू टाकून मणके जोडायचे म्हणाले तर ‘कशासाठी?’ हे विचार. मणका सरकत असेल, पाठ अस्थिर असेल, तर गोष्ट वेगळी. पण २०१६ साली स्वीडनमध्ये २४७ रुग्णांचा अभ्यास छापून आला, त्यात नुसती जागा मोकळी करण्यापेक्षा मणके जोडण्याचा दोन वर्षांनी काही जास्तीचा फायदा दिसला नाही.

व्यायाम, गोळ्या, सगळं करून झालंय. तरी ताईलाच नको असेल तर थांबा, घाई नाही. पण लघवी अडली किंवा पाऊल उचलेनासं झालं तर त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं, सकाळची वाट बघायची नाही.

आपल्या घरातले नाना असेच पारापारावर बसत देवळात जायचे. पुढे जाणंच बंद झालं. ‘वय झालं’ म्हणून घरात सगळे गप्प बसले. मी नुकती नर्सिंगला लागले होते, वडीलधाऱ्यांपुढे बोलायची छाती झाली नाही. ते अजून सलतं रे.

रागाने लिहिलं, मनावर घेऊ नकोस. भावजी गेल्यापासून तुझा सगळा जीव आईत आहे, म्हणून तू घाबरलास. घाबरणारच. तारीख ठरली की कळव, मी चार दिवस आधी येते. रात्री तिच्याजवळ मी थांबेन, तू घरी जाऊन झोपायचं. पैशाचं कमी-जास्त असेल तर संकोच करू नकोस, माझी एफडी काय चाटायची आहे? आणि वेळेवर जेवत जा, गणपतीत फार वाळलेला दिसलास.

तुझी,
मावशी